मागे राहू नका, आपले सोडू नका

माहीम गाव तुम्हांला ठाऊक आहे. मुंबईतले माहीम नव्हे. आपले, पालघरजवळचे, केळव्याच्या शेजारचे माहीम. समोर समुद्र आहे. मागे वाड्या आहेत. वाडीत नारळ, सुपारी, केळी आणि पानवेल. एके काळी आपल्या साऱ्या तालुक्यालाच माहीम तालुका म्हणत. पुढे त्याचे नाव पालघर तालुका झाले.

ह्या गावात आणि आसपास नाना जातींचे लोक राहतात. वाडवळ आहेत, मांगेले आहेत, भंडारी आहेत. आणि गावाच्या कडेला, पाड्यावर, वारली आहेत. सकाळी ते वाडीत कामाला येतात. संध्याकाळी पाड्यावर परत जातात.

अशाच एका पाड्यावर आम्ही रात्रीचा वर्ग घेत होतो. वर्गात एक बाई येत असत. वय पन्नाशीच्या पुढचे. दिवसभर वाडीत काम करून त्या यायच्या. तीन महिन्यांत त्या आपले नाव लिहू लागल्या. एके रात्री पाटी खाली ठेवून त्यांनी आम्हांला विचारले,

"माझा नातू बोईसरला शाळेत जातो. तो घरी आपली भाषा बोलत नाय. लाज वाटते म्हणतो. आता मी पण लिहाया लागले. सगळे शिकले, म्हणजे आमचं वारलीपण जाईल का हो?"

कोपऱ्यात एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "जाऊ दे की! वारलीपणानं काय दिलं? उपास दिला नि वेठ दिली."

एक तरुण बोईसरच्या कारखान्यात कामाला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "मी तिथं आडनाव सांगायचं टाळतो. आडनाव ऐकलं की लोक हसतात."

त्या रात्री आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. हा पाठ म्हणजे ते उत्तर आहे. वारली वाचकांनी तो वाचावा. जे वारली नाहीत, त्यांनीही वाचावा. प्रश्न दोघांचाही आहे.

१. वारली कोण?

महाराष्ट्राचा वरचा, समुद्राकडचा कोपरा बघा. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, पालघर. हा वारल्यांचा मुलूख. शेजारी गुजरातेत आणि दादरा-नगर हवेलीतही वारली आहेत. त्यांच्या जोडीला कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर, धोडी, दुबळा हे आदिवासी आहेत.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून आपला पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेचे आकडे ह्या जिल्ह्यापुरते मोजले, तर शंभरात सुमारे ३७ माणसे आदिवासी आहेत. डोंगराकडे त्यांची वस्ती दाट आहे. किनाऱ्याकडे, माहीमसारख्या गावांत, ते थोडे आहेत. जिथे माणसे थोडी असतात, तिथे आपली रीत सांभाळणे कठीण जाते.

वारल्यांची बोली मराठीच्या जवळची आहे. तिच्यात गुजरातीचे शब्दही मिसळले आहेत. धान्य देणारी कणसरी ही त्यांची देवी. वाघालाही ते देव मानतात. त्यांचे वाद्य तारपा. तारपा करायला वाळलेला दुधी भोपळा लागतो, बांबू लागतो, ताडाचे पान लागते. सगळे रानातले आणि परसातले. भात पिकले की तारपा वाजू लागतो. वाजवणारा मध्ये उभा राहतो. बाया आणि पुरुष एकमेकांना धरून त्याच्याभोवती फेर धरतात.

२. जोडलेले होते, पण कसे?

पुष्कळ लोक म्हणतात, "आदिवासी रानात वेगळे राहत होते. आता ते समाजात येत आहेत." हे बोलणे पुरते खरे नाही. वारली समाजाशी आधीच जोडलेले होते. पण कसे जोडलेले होते, ते पाहा.

इंग्रजांच्या राज्यात जंगल सरकारचे झाले. जमिनी हळूहळू सावकारांच्या आणि जमीनदारांच्या हाती गेल्या. वारली आपल्याच रानात कूळ झाला. मालकाने बोलावले की फुकट काम करायचे. ह्याला वेठ म्हणत. लग्नासाठी कर्ज काढले, की ते फिटेपर्यंत मालकाकडे राबायचे. अशा गड्याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे, आणि गडी सुटत नसे. बायकोलाही राबावे लागे.

१९३० नंतरच्या वर्षांत मुंबई सरकारने सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला चौकशीला नेमले. आदिवासींचे हाल त्याने आपल्या अहवालात लिहिले. पण अहवाल कागदावर राहिला. वेठ चालूच होती.

मग वारली स्वतः उठले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर हे किसान सभेचे कार्यकर्ते त्यांच्या पाड्यांवर जाऊन राहिले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी मोठी परिषद भरली. हजारो वारली पायी चालत आले. त्यांनी ठरवले, वेठ करणार नाही. मजुरीवाचून काम करणार नाही. लग्नगडी सोडवू.

त्यांना किंमत मोजावी लागली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पाच आदिवासी मेले. पहिला हुतात्मा जेठ्या गांगड. पण वेठ मोडली ती मोडलीच. ही सारी हकीकत गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहिली आहे. ते १९७० साली निघाले.

कोपऱ्यातल्या आजोबांना आमचे सांगणे हे, की वेठ वारलीपणाने दिली नाही. ज्यांनी जमीन घेतली, त्यांनी वेठ दिली. ती मोडायला वारल्यांना आपली बोली सोडावी लागली नाही. आपला पाडा सोडावा लागला नाही. पाड्यापाड्याने ते एक झाले, म्हणून तर ती मोडली.

३. शहाण्यांची दोन मते

देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास मोठमोठे विद्वान ह्याच प्रश्नावर वाद करत होते.

एका बाजूला वेरियर एल्विन होते. ते जन्माने इंग्रज. मध्य प्रांतात गोंड आणि बैगा लोकांत जाऊन राहिले. पुढे १९५४ साली ते भारताचे नागरिक झाले. आरंभी त्यांचे मत असे, की बाहेरचे लोक आदिवासींना लुबाडतात. तेव्हा आदिवासींचा मुलूख राखून ठेवावा. बाहेरच्यांना मोकळे रान देऊ नये.

दुसऱ्या बाजूला गोविंद सदाशिव घुर्ये होते. ते मालवणचे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. १९४३ साली त्यांनी ह्या विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचे मत असे, की आदिवासी हे हिंदू समाजातलेच मागे राहिलेले लोक आहेत. त्यांना वेगळे ठेवू नये. मोठ्या समाजात मिसळू द्यावे.

दोघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे खरे होते. कुंपण घातले तर शाळा, दवाखाना, रस्ता कुठून येणार? आणि कुंपणच नसले तर जमीन कशी राहणार? पण दोघांच्या वादात एक गोष्ट राहून गेली. पाड्यावरच्या माणसाला काय हवे, हे त्यालाच विचारायला हवे होते.

पुढे पंडित नेहरूंनी मधला रस्ता सांगितला. आदिवासींवर बाहेरून काही लादू नये. जमिनीवरचे आणि जंगलावरचे त्यांचे हक्क मानावेत. त्यांच्या कलेला उत्तेजन द्यावे.

आपल्या राज्यघटनेतही दोन्ही गोष्टी आहेत. कलम ४६ म्हणते, की अनुसूचित जमातींचे शिक्षण आणि पोटापाण्याचे हित सरकारने जपावे, त्यांना पिळवणुकीपासून वाचवावे. कलम २९ म्हणते, की ज्या लोकांची स्वतःची भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे, त्यांना ती जतन करण्याचा हक्क आहे. म्हणजे पुढे जाण्याचाही हक्क आहे आणि आपले राखण्याचाही आहे. दोहोंतला एकच निवडा, असे घटना कुठेच म्हणत नाही.

४. मुलांकडे चालत गेलेली शाळा

हे कसे करावे, ते आपल्याच जिल्ह्यात दोन बायांनी करून दाखवले. एक ताराबाई मोडक. दुसऱ्या अनुताई वाघ.

१९४५ साली त्यांनी डहाणूजवळ बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. गरिबांची मुले शाळेत येईनात. तेव्हा ह्या बाया वस्तीवर गेल्या. एखाद्याच्या अंगणातच बालवाडी भरवू लागल्या. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर आल्या. तिथे वारल्यांची वस्ती होती.

तिथेही मुले येत नव्हती. का येत नव्हती? मोठी मुले गुरे राखत होती. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या. दुसऱ्या कुणी म्हटले असते, "ह्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही." बायांनी तसे म्हटले नाही. गुरे जिथे चरतात त्या कुरणातच त्यांनी शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरे चरत, आणि मुले शिकत. मुली भावंडांना घेऊन आल्या, तर भावंडांसाठी शेजारीच पाळणाघर आणि बालवाडी केली. शिकवायला पाने, बिया, खडे, शंख-शिंपले घेतले. जे मुलांच्या ओळखीचे, तेच पहिले पुस्तक.

आता नातवाची गोष्ट घ्या. पुस्तकात असते नाचणी. जव्हार-मोखाड्याकडे घरी म्हणतात नागली. मूल वर्गात नागली म्हणाले आणि सगळे हसले, तर ते मूल दुसऱ्या दिवशी तोंड उघडणार नाही. पण बाईंनी म्हटले, "शाब्बास! घरी नागली, पुस्तकात नाचणी. धान्य एकच," तर त्या मुलाला एकाच्या जागी दोन शब्द येतात. त्याचे काही गेले नाही. उलट भर पडली.

५. भिंतीवरचे चित्र

वारली चित्र आज सगळे ओळखतात. साडीवर असते, कपावर असते, शहरातल्या भिंतींवर असते. पण ते आले कुठून?

ते लग्नघरातून आले. कुडाची भिंत शेणामातीने आणि गेरूने सारवतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवतात. बांबूची काडी टोकाला ठेचून कुंचला करतात. मग सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. लग्न लावायचा मान धवलेरीचा, म्हणजे एका बाईचा. चित्र आणि गाणे ही जोडी आहे.

जिव्या सोमा म्हसे ह्यांचा जन्म १९३४ चा. डहाणू तालुक्यात गंजाड येथे ते राहत. लहानपणी आई गेली. त्या दुःखाने त्यांचे बोलणे बंद झाले, आणि ते धुळीत चित्रे काढून मनातले सांगत, असे सांगतात. चौक लिहिणे बायांचे काम होते. तरी ह्या पुरुषाने हाती काडी घेतली. १९७० नंतरच्या काळात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार ह्या भागात आले. त्यांनी वारल्यांना कागद दिला. म्हशांची चित्रे देशात गेली, परदेशात गेली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक उपदर्शन मिळाले. म्हणजे हे चित्र ह्या मुलखाचे आणि ह्या लोकांचे, अशी कायद्याने नोंद झाली.

तारप्याचेही असेच. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा आयुष्यभर तारपा वाजवत आले. संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला.

पण इथे एक धोका आहे. तो नीट समजून घ्या. चित्र विकता येते, म्हणून चित्र राहिले. धवलेरीचे गाणे विकता येत नाही. बोली विकता येत नाही. पुष्कळ पाड्यांवर आता लग्नाला मोठमोठे कर्णे लावतात. त्या आवाजात धवलेरीचे गाणे ऐकू येत नाही. म्हातारी धवलेरी गेली, की तिची गाणी तिच्याबरोबर जातात. चित्र साऱ्या जगात गेले आणि गाणे पाड्यावरच मेले, तर जपले असे कसे म्हणावे?

६. वाडीतला पाट

माहीमच्या वाडीत जाऊन बघा. विहिरीचे पाणी एकाच पाटाने जाते. त्याच पाण्यावर सुपारी वाढते, केळ वाढते, पानवेल चढते. केळीला कुणी सांगत नाही, की तू सुपारी हो, मग तुला पाणी देऊ. पण पाट वरच्या वरच अडवला, तर खालचे झाड वाळते. मग ते झाड दुबळे म्हणून त्याला नावे ठेवण्यात काय अर्थ?

शाळा, जमीन, मजुरी, दवाखाना, मान, हे पाटाचे पाणी आहे. ते सगळ्यांना सारखे पोचले पाहिजे. फळ ज्याचे त्याचे राहू द्यावे.

७. काय ठेवावे, काय टाकावे?

जुने ते सारेच चांगले, असे आम्ही म्हणत नाही. कोणत्याही समाजात काही रीती टाकण्यासारख्या असतात. कुणी आजारी पडले, की एखाद्या गरीब बाईला भुताळी ठरवून छळायचे, ही रीत टाकावी. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. ताप आला तर दवाखान्यात जावे. पोरीचे लग्न अठरा वर्षांच्या आत करू नये. हे नियम वारल्यांना आहेत, तसेच माहीमच्या बाकीच्या लोकांनाही आहेत.

पण एकमेकांच्या शेतात मदतीला जाणे, लग्न लावायचा मान बाईला देणे, नवे धान्य आधी देवाला दाखवून मग खाणे, झाडाला आणि वाघालाही आपल्यातले मानणे, ह्या गोष्टी टाकाव्यात असे कोण म्हणेल? उलट त्या बाकीच्यांनीच शिकाव्यात.

काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे पाड्याने पाड्यात बसून ठरवावे. बाया, पुरुष, तरुण, म्हातारे, सगळ्यांनी बसून ठरवावे. बाहेरच्याने हसून ठरवू नये.

८. आपण काय करावे?

वारली वाचकांनी घरी मुलांशी आपली बोली बोलावी. मराठी शाळेत येईलच. दोन भाषा येणे ही श्रीमंती आहे.

आपले कागद नीट करावेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने, जी जमीन आपण १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो, तिचा दावा करता येतो. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित भागातल्या ग्रामसभेला रीतिरिवाज, जमीन आणि रानाची संपत्ती सांभाळण्याचा अधिकार दिला आहे. आपल्या तालुक्यातलीही काही गावे त्या भागात आहेत. आपले गाव त्यात आहे का, ते ग्रामपंचायतीत विचारावे. सभेला जावे. कागद वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये, सहीही करू नये.

बाकीच्या वाचकांनी काय करावे? वाडीत काम करणाऱ्या माणसाला ठरलेली मजुरी वेळेवर द्यावी. वयाने मोठ्या वारल्याला "ए" म्हणू नये. आपल्या म्हाताऱ्यांना "अहो" म्हणता, तसेच त्यांनाही म्हणावे. भिंतीवर वारली चित्र लावता, तर ते काढणाऱ्याला ओट्यावर बसवून चहाही द्यावा. त्यांची बोली ऐकून हसू नये. मुंबईवाले आपल्या वाडवळी बोलीला हसले, तर आपल्याला कसे वाटते, ते आठवावे.

९. त्या बाईंचे उत्तर

पुढच्या आठवड्यात आम्ही हे सगळे वर्गात सांगितले. आजोबा काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली. तो तरुण म्हणाला, "उद्या कुणी विचारलं, तर आडनाव सांगून बघतो."

मग त्या बाई म्हणाल्या, "माझी आई धवलेरी होती. तिची गाणी मला थोडी येतात. ती ह्या अक्षरांत लिहिता येतील का?"

आम्ही म्हटले, "का नाही? अक्षरे कुणा एका जातीची नसतात. जो लिहील त्याची."

त्यांनी वही उघडली. एक ओळ लिहायला त्यांना पाव तास लागला. दोन ठिकाणी काना राहिला होता. ओळ त्यांच्या बोलीत होती. आम्हांला ती नीट समजली नाही. मग त्यांनीच आम्हांला अर्थ सांगितला. त्या रात्री आम्ही विद्यार्थी होतो, आणि त्या गुरुजी.

आता नातू आणि आजी मिळून वही भरत आहेत. आजी सांगते, आणि नातू लिहितो. सांगितलेले लिहायचे, तर आधी ते समजायला हवे. म्हणून तो आजीला शब्दांचे अर्थ विचारतो, तिच्याच बोलीत.

अभ्यास

१. वेठ म्हणजे काय? लग्नगडी कुणाला म्हणत?
२. कुरणशाळा कुरणातच का भरत होती?
३. चित्र टिकले, पण गाणे मागे पडले. असे का झाले?
४. तुमच्या घरी बोलतात, पण पुस्तकात नसतात, असे पाच शब्द लिहा. त्यांच्यापुढे पुस्तकातले शब्द लिहा.
५. घरातल्या किंवा पाड्यावरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. त्यांना एक गाणे किंवा एक गोष्ट विचारा. ती त्यांच्याच बोलीत लिहा, आणि वर्गात वाचून दाखवा.